ऊन, पाऊस, हिम आणि चार्ल्स गुडइयर

जून महिना तोंडावर आला, की मुंबईच्या उपनगरांतील टायरच्या दुकानांपुढे मोटारी उभ्या राहू लागतात. अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, प्रश्न एकच असतो. गोटा झालेले टायर बदलायचे हे तर ठरले. पण घ्यायचे कोणते? दुकानदार दोन-चार नावे सांगतो, किमती सांगतो आणि बहुतेक गिऱ्हाईक किमतीकडे पाहून निर्णय घेऊन टाकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली होती. अशा शहरात ओल्या रस्त्यावर आपली मोटार ज्या रबराच्या भरवशावर थांबते, त्याच्याविषयी आपण फारसा विचार करीत नाही, हे आश्चर्यच म्हणायचे.

या रबराची गोष्ट एका माणसापाशी येऊन थांबते. त्याने आयुष्यात मोटार पाहिली नाही. कार्ल बेन्झ यांनी जर्मनीत आपल्या मोटारीचे पेटंट घेतले ते १८८६ मध्ये. हा माणूस त्याआधी २६ वर्षे, १८६० मध्ये, कर्जाचा डोंगर मागे ठेवून जग सोडून गेला होता. त्याच्या नावाची टायर कंपनी आज जगभर ओळखली जाते. पण ती स्थापन झाली १८९८ मध्ये आणि तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या वारसांचा आर्थिक संबंध नव्हता. संस्थापकांनी केवळ आदरापोटी त्याचे नाव घेतले. तो माणूस म्हणजे चार्ल्स गुडइयर. उन्हात वितळणारे आणि थंडीत तडकणारे रबर त्याने दोन्ही ऋतूंत टिकेल असे करून दाखविले. मुंबईचा मे महिना, जुलैचा पाऊस आणि मनालीचा बर्फ या तिन्ही ठिकाणी मोटार चालू शकते, त्याचे मूळ या एका माणसाच्या हट्टात आहे.

अवजारांच्या दुकानातून तुरुंगाकडे

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी झाला. वडील अमासा हे शेतीची अवजारे, बटणे अशा वस्तू बनवीत. चार्ल्स सतराव्या वर्षी फिलाडेल्फियाला लोखंडी सामानाचा व्यापार शिकण्यासाठी गेले आणि परतल्यावर वडिलांचे भागीदार झाले. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. आरंभी ते चांगले चालले. परंतु उधारीवर दिलेला माल अंगाशी आला, प्रकृतीही साथ देईना, आणि १८३० च्या सुमारास हा व्यवसाय बुडाला.

त्या काळी अमेरिकेत कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची रीत होती. गुडइयर यांच्या वाट्याला हा तुरुंग एकदा नव्हे, अनेकदा आला. पुढच्या आयुष्यात घर आणि कारागृह यांच्यामधली भिंत त्यांच्यासाठी नेहमीच पातळ राहिली.

एका दुकानातील भेट

त्या दिवसांत अमेरिकेत रबराचे वेड पसरले होते. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडांचा चीक वाळवून आलेले हे लवचिक, पाणी न शोषणारे द्रव्य जणू जादूचे वाटे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पावसाळी कोट बनविला होता. अमेरिकेतही रबरी बूट, टोप्या आणि ताडपत्र्या बनविणारे कारखाने निघाले. लोकांनी त्यांत भराभर पैसे गुंतविले.

१८३४ मध्ये गुडइयर न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात शिरले. तेथे त्यांनी हवा भरून वापरायचे जीवरक्षक साधन पाहिले. त्याची झडप त्यांना सदोष वाटली. सुधारलेली झडप बनवून ते पुन्हा गेले. परंतु कंपनीच्या माणसाने त्यांना वेगळीच अडचण सांगितली. झडपेचे काय घेऊन बसलात, रबरच टिकत नाही, असा त्या सांगण्याचा मथितार्थ होता. थंडीत विकलेले बूट उन्हाळ्यात चिकट, दुर्गंधी गोळा होऊन परत येत होते. उन्हाळ्यात विकलेला माल हिवाळ्यात लाकडासारखा ताठ होऊन तडकत होता. कारखाने एकामागून एक बुडण्याच्या मार्गावर होते.

गुडइयर ना रसायनशास्त्रज्ञ होते, ना त्यांच्यापाशी भांडवल होते. तरीही हा प्रश्न आपणच सोडवायचा, असे त्यांनी मनाशी ठरविले. पहिले प्रयोग त्यांनी फिलाडेल्फियाच्या तुरुंगातच केले, असे सांगितले जाते. पत्नीने घरून रबर आणि लाटणे आणून दिले आणि कोठडीत बसून ते रबर लाटू लागले, मळू लागले.

पाच वर्षांचा अंधार

रबर चिकट होते ते त्यातल्या ओलाव्यामुळे, असा त्यांचा प्रारंभीचा समज होता. म्हणून कोरडी पूड मिसळून पाहावी, अशी कल्पना निघाली. मॅग्नेशियाची भुकटी मिसळून त्यांनी बूट बनविले. उन्हाळा येताच ते लोळागोळा झाले. चुना झाला, अनेक क्षार झाले. नंतर नत्राम्लाची प्रक्रिया केल्यावर रबराचा पृष्ठभाग कोरडा, गुळगुळीत राहतो असे त्यांना आढळले आणि १८३७ मध्ये त्यांनी त्या रीतीचे पेटंट घेतले. आता यश आले असे वाटत असतानाच त्या वर्षीच्या आर्थिक अरिष्टात त्यांचा पाठीराखा बुडाला. न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवरील बंद पडलेल्या रबर कारखान्यात कुटुंबासह राहण्याची पाळी त्यांच्यावर आली.

पुढे ते मॅसॅच्युसेट्समध्ये गेले. सरकारने टपालाच्या थैल्यांचे काम दिले. थैल्या दिसायला सुंदर झाल्या. परंतु उन्हाळ्याच्या उष्म्यात त्या जागच्या जागी विरघळू लागल्या. आम्लाची प्रक्रिया केवळ वरच्या पापुद्र्यापर्यंत पोहोचत होती, आतले रबर कच्चेच राहत होते. दरम्यान नॅथॅनिएल हेवर्ड नावाच्या कारागिराची ओळख झाली. रबरावर गंधकाची पूड टाकून ते उन्हात ठेवले तर चिकटपणा कमी होतो, हे हेवर्ड यांच्या ध्यानात आले होते. गुडइयर यांनी त्यांचे हक्क विकत घेतले. मात्र गंधकानेही काम वरवरच होत होते. काहीतरी कमी पडत होते.

शेगडीवरचे रबर

ते काहीतरी सापडले १८३९ मध्ये, वोबर्न गावात. गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीवर पडला. वास्तविक तो वितळायला हवा होता. तो वितळला नाही, चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला मात्र एक अरुंद पट्टी अशी होती, की जी चिकटही नव्हती आणि करपलेलीही नव्हती. गुडइयर यांनी तो तुकडा रात्रभर दाराबाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो पूर्वीइतकाच लवचिक होता.

या घटनेला अपघात म्हणण्याची प्रथा पडली आहे. गुडइयर यांना ते मान्य नव्हते. झाडावरून फळ पडताना अनेकांनी पाहिलेले असते, पण त्यातून अर्थ काढतो तो त्याच विचारात बुडालेला माणूस, अशी त्यांची भूमिका होती. ती रास्तही आहे. पाच वर्षे रबराखेरीज दुसरे काही न सुचलेल्या माणसाच्याच नजरेला ती अरुंद पट्टी दिसू शकली.

शेगडीवर नेमके काय घडले, हे समजायला पुढे अनेक दशके जावी लागली. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. कच्च्या रबरात या साखळ्या एकमेकींशी बांधलेल्या नसतात. उष्णतेत त्या एकमेकींवरून घसरतात, तेव्हा रबर चिकट होते. थंडीत त्या जखडतात, तेव्हा ते ताठ होते. गंधकाबरोबर उष्णता दिली, की गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये टाके घालतात. टाके पडले की साखळ्या ताणल्या जातात, पण सोडताच मूळ जागी येतात. टाके कमी तर रबर मऊ, टाके फार झाले तर ते कठीण. टायरचे रबर किती मऊ आणि किती कठीण ठेवायचे, हा आजच्या कारखान्यांपुढचा प्रश्न त्या शेगडीपासूनच सुरू होतो.

शोध लागला, दैन्य सरले नाही

शोध लागला तरी तो विश्वासाने पुन्हा पुन्हा करता येईना. उष्णता किती द्यायची, किती वेळ द्यायची, गंधक किती घालायचे, याचा मेळ बसविण्यात आणखी काही वर्षे गेली. गुडइयर शेजारच्या कारखान्यांच्या भट्ट्या उसन्या मागत, घरच्या चुलीत रबर भाजत. १८३९-४० चा हिवाळा या कुटुंबाच्या आयुष्यातला सर्वांत क्रूर काळ होता. घरात जळण नव्हते, अन्नाची भ्रांत होती. दोन वर्षांचा मुलगा याच काळात दगावला. घरातल्या वस्तू गहाण पडल्याच होत्या. मुलांची शाळेची पुस्तकेही विकली गेली.

हा भाग वाचताना मन द्विधा होते. ज्या हट्टाने जगाला रबर दिले, त्याच हट्टाची किंमत क्लॅरिसाने आणि मुलांनी मोजली. संसारी माणसाने असे वागावे काय, हा प्रश्न त्यांच्या शेजाऱ्यांना पडला होता आणि तो आज आपल्यालाही टाळता येत नाही. अखेर मेहुणे विल्यम डी फॉरेस्ट आणि न्यूयॉर्कचे रायडर बंधू यांनी पैशाचा आधार दिला. वाफेच्या दाबाखाली समान उष्णता देण्याची रीत बसली आणि १५ जून १८४४ रोजी गुडइयर यांना अमेरिकेचे ३६३३ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

परंतु तोवर उशीर झाला होता. त्यांच्या रबराचे नमुने इंग्लंडात पोहोचले होते. तेथील रबर उद्योजक थॉमस हॅन्कॉक यांनी ते बारकाईने तपासले, त्यातला गंधक ओळखला आणि गुडइयर यांच्या आधी काही आठवडे इंग्लंडात पेटंटचा अर्ज दाखल केला. पुढे तेथे खटला चालला. निकाल हॅन्कॉक यांच्या बाजूने लागला. या क्रियेचे व्हल्कनायझेशन हे नावही हॅन्कॉक यांच्या एका मित्राने, रोमन अग्निदेव व्हल्कनवरून ठेवले. शोध एकाचा, बारसे दुसऱ्याच्या घरी.

अमेरिकेतही पेटंटचे उल्लंघन सर्रास चालले होते. होरेस डे या कारखानदाराविरुद्धचा १८५२ चा खटला तेथील औद्योगिक इतिहासात गाजला. परराष्ट्रमंत्री असलेले नामांकित वकील डॅनिएल वेब्स्टर गुडइयर यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी १५,००० डॉलर एवढी, त्या काळी थक्क करणारी फी ठरली. खटला गुडइयर यांनी जिंकला. मात्र आपल्या रीतीचे परवाने त्यांनी इतक्या अल्प मोबदल्यात दिले होते, की पैसा मिळविला तो इतरांनीच.

पदक आणि कोठडी

मिळालेला पैसाही त्यांच्याकडे टिकला नाही. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी अफाट खर्च करून रबराची दालने उभारली. टेबले, खुर्च्या, दागिने, सारे रबराचे. फ्रान्समधले त्यांचे पेटंट तांत्रिक कारणाने रद्द झाले, येणारे पैसे थांबले आणि डिसेंबर १८५५ मध्ये पॅरिसमध्ये कर्जापायी त्यांना पुन्हा तुरुंग पाहावा लागला. त्याच काळात सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. पदक आणि कोठडी एकाच वेळी वाट्याला यावी, हा दैवदुर्विलास त्यांच्या चरित्राचे सारच सांगून जातो. क्लॅरिसा हे पाहायला नव्हती. १८५३ मध्येच तिचे निधन झाले होते.

१८६० च्या उन्हाळ्यात मुलगी मृत्युशय्येवर असल्याचे कळताच गुडइयर प्रवासाला निघाले. न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा मुलगी गेल्याची वार्ता त्यांना मिळाली. ते तेथेच कोसळले आणि १ जुलै १८६० रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिले ते सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज.

रबर ते टायर

स्कॉटलंडचे रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते; पण रस्त्यांना त्याची गरज भासली नव्हती. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तिचाकीसाठी ती कल्पना नव्याने साकारली. १८९५ मध्ये मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार शर्यतीत उतरविली. आरंभीचे टायर गुळगुळीत होते. १९०४ मध्ये जर्मनीच्या कॉन्टिनेन्टल कंपनीने नक्षीचा टायर आणला. पुढे काजळी मिसळल्याने टायर काळा आणि टिकाऊ झाला. गुडइयर यांची गंधकाची रीत या सर्वांच्या मुळाशी कायम राहिली. आपल्या उपनगरांशीही या इतिहासाचा धागा जुळतो. इटलीतील मूळ कंपनीच्या साह्याने १९५८ मध्ये मुंबईत सिएट कंपनी स्थापन झाली आणि भांडुपला तिचा कारखाना उभा राहिला.

आज टायर निवडताना प्रत्यक्षात आपण गुडइयर यांचाच प्रश्न सोडवीत असतो. कोणत्या तापमानाला हे रबर रस्ता धरून ठेवील? सांताक्रूझला नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ रोजीचे आहे. योगायोग असा, की साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचे रबर ताठ होऊन त्याची पकड घटू लागते आणि तेथूनच हिवाळी टायरचे राज्य सुरू होते. अर्थात हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुंबईकराला हिवाळी टायरची गरज नाही. उलट ते मऊ रबर आपल्या उन्हात झपाट्याने झिजेल आणि ब्रेक लावल्यावर मोटार थांबायला अधिक अंतर घेईल.

आपल्याला हवी ती ओल्या रस्त्यावरची पकड. तिच्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे खाचा. चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम त्या करतात. त्या झिजल्या की वेगात पाण्याचा थर टायरखाली शिरतो, मोटार पाण्यावर तरंगते आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. कायद्याने मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलीमीटर खोली हवी. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे पृष्ठभागाला टेकले की ती मर्यादा आली असे समजावे. परंतु पावसाळ्यापूर्वी खोली ३ मिलीमीटरच्या आसपास आली असेल, तर पश्चिम द्रुतगती मार्गावर नशिबाची परीक्षा पाहू नये. दुसरी गोष्ट म्हणजे रबराचे मिश्रण. १९९० च्या दशकापासून टायरमध्ये काजळीच्या जोडीला सिलिका वापरली जाऊ लागली आणि ओली पकड सुधारली. ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान पातळी बंधनकारक करणारे नियम भारतातही २०२२ मध्ये अधिसूचित झाले आहेत.

दुकानात उभे राहिल्यावर टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. २६२४ म्हणजे २०२४ सालच्या २६ व्या आठवड्यातले उत्पादन. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते. मापाबरोबर भारक्षमता आणि वेगमर्यादेची खूणही मोटारीच्या पुस्तिकेशी जुळवावी. दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागच्या चाकांना लावावेत, पुढच्या चाकांची मोटार असली तरी. मागची चाके घसरली, तर मोटार सावरणे सामान्य चालकाच्या हाती राहत नाही.

बर्फाचे गणित निराळे. हिवाळी टायरचे रबर गोठणबिंदूखालीही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला पकडतात. त्याची खूण म्हणजे बाजूवर कोरलेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यातली हिमकणिका. केवळ एम प्लस एस एवढीच अक्षरे नक्षीविषयी सांगतात, थंडीतल्या चाचणीविषयी नव्हे. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी डोंगराची खूण असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी म्हणूनच दोन संच असतात. एक चाकांवर, दुसरा गॅरेजात. डिसेंबरात स्वतःची मोटार घेऊन मनालीपलीकडे जाणाऱ्या मुंबईकरांनी मात्र आपले टायर या परीक्षेसाठी घडविलेले नाहीत, हे ओळखून चाकांना बांधायच्या साखळ्या जवळ ठेवाव्यात आणि रस्ता बंद असेल तर मुक्काम वाढवावा.

फिनलंडच्या उत्तरेला गोठलेल्या सरोवरांवर आज टायर कंपन्या मोटारी पळवून रबराची परीक्षा घेतात. यंत्रे बदलली, मापे सूक्ष्म झाली. परीक्षा मात्र तीच आहे, जी कर्जात बुडालेल्या एका माणसाने वोबर्नमधील हिवाळ्याच्या रात्री दाराबाहेर खिळा ठोकून घेतली होती. रबर सकाळी लवचिक राहते की नाही, यावर त्याच्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून होते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना चार तळहातांएवढ्या रबरावर आपल्या कुटुंबाचेही तेवढेच अवलंबून असते.